किल्लारीत पट्टा विचारताना

नांदेड

आमच्या बांधकामाच्या सरांना फळ्यावर घर काढायला फार आवडायचं. आधी चौकोन, मग दार, मग खिडकी. शेवटी खडू आडवा धरून ते चारही भिंतींवरून एक जाड रेघ ओढत आणि म्हणत, "हा पट्टा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशी ही घराची धाव. सळया आणि काँक्रीट. जमीन हलली तर भिंतींना चार दिशांना पळू देत नाही."

पुस्तकात त्याला बँड म्हटलं होतं. पण वर्गात माझ्यासारखी मराठी शाळेतून आलेली मुलं बरीच होती. बँड म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी लग्नातला ताशा वाजवायचं. म्हणून सर पट्टा म्हणायचे आणि आम्हीही पट्टाच म्हणायला लागलो. या एका शब्दाने पुढे काय गोंधळ घातला ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला काम मिळालं ते असं: दोघादोघांनी भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या एखाद्या गावात जायचं, एक घर मोजायचं, त्याचा नकाशा काढायचा आणि त्या घरात पट्टा कुठून कुठे जातो ते नकाशात दाखवायचं. माझी जोडीदार मंजिरी. ती नांदेडची, वडील बँकेत, घरी टेलिफोन. माझे अब्बा चाकूरला गवंडीकाम करतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. कॉलेजात नाव घातलं तेव्हा अब्बांनी फॉर्मवरचा 'वास्तुशास्त्र' हा शब्द दोनदा वाचायला लावला आणि विचारलं, "यात हाताला चुना लागतो का नाही?"

मी म्हटलं, "लागतो थोडा."

"मग ठीक आहे," म्हणाले.

चाकूर, दहा मिनिटं

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी चाकूरला थांबते. अब्बा स्टँडवर उभे होते. अम्मीने दिलेला डबा त्यांनी खिडकीतून आत सरकवला आणि त्यामागून एक जड पुडकं दिलं. उघडलं तर आत त्यांचा ओळंबा. सुताच्या दोरीला लटकवलेला पितळेचा गोळा. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यावरून कळतं.

"अब्बा, आमच्याकडे टेप आहे. पन्नास फुटी."

"टेप से लंबाई मिलती," ते म्हणाले. "दीवार झुकी के नहीं, वो टेप नहीं बोलती."

मंजिरीला घरात दखनी ऐकायची सवय नव्हती. गाडी सुटल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले गं?" मी सांगितलं. तिने ओळंबा हातात घेऊन वजन पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. मंजिरी सगळंच वहीत लिहायची.

लातूर

लातूरला उतरलो तर गाव ओस पडलेलं. दुकानांची शटरं खाली, रिक्षा नाहीत. डाळीच्या मिलचा एरवी हवेत भरून असणारा भाजका वाससुद्धा नाही. मंजिरी घाबरली. "दंगल झाली का गं?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. येळवस! वेळ अमावस्या. लातूरकडचं सगळं जग त्या दिवशी शेतात जेवायला जातं. मी याच जिल्ह्यात वाढले. आमचं शेत नव्हतं, पण शेजारचे दरवर्षी ओढून न्यायचे. दीड वर्ष नांदेडला राहिले आणि येळवस विसरले! अम्मीने डबा का दिला ते आत्ता कळलं. आज गावात कुठेच काही मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं.

नुकसान मात्र काही झालं नाही. गंजगोलाईचा गोल बाजार आम्हाला रिकामा पाहायला मिळाला. मध्ये गोल इमारत आणि चहूबाजूंनी फुटणारे रस्ते. एरवी तिथे हातगाड्या आणि माणसांमुळे उभं राहायला जागा नसते. आम्ही मधोमध उभं राहून रस्ते मोजले. माझे सोळा भरले, मंजिरीचे सतरा. पुन्हा मोजले तेव्हा तिचे पंधरा झाले. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांनी सांगितलं, "सोळा हायत, माय. मोजत बसाल तर येडं व्हाल."

मुक्काम माझ्या खालाकडे, म्हणजे अम्मीच्या बहिणीकडे होता. लहानपणी मी तिथे सुट्टीला जायचे तेव्हा समोरची खोली एवढी मोठी होती की आम्ही आत लंगडी खेळायचो. आता त्या खोलीच्या चार झाल्या होत्या. मधे प्लायवूडच्या भिंती. प्रत्येकीत एक खाट, एक टेबल आणि बाहेरगावाहून क्लाससाठी आलेली एक मुलगी. सगळ्या गल्लीचंच तसं झालं होतं. जिन्याखाली खोली, गच्चीवर पत्र्याची खोली, जुन्या गोठ्यात मेस. भिंतींवर क्लासच्या पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो.

खालाची एक भिंत मला फार आवडली. खोलीचे भाग पाडताना त्यातलं एक प्लायवूड बरोबर खिडकीच्या मध्यावर आलं होतं. खिडकी एकच, पण उजवी झडप एकीची आणि डावी दुसरीची.

"उन्हाळ्यात दोघींनाही वारा पाहिजे," खाला म्हणाली. "किसको नाराज करूं?"

येळवस असूनही दोघी खोलीतच होत्या, दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. मंजिरीने विचारलं, "अर्ध्या खिडकीचा त्रास होत नाही?"

डावीकडची म्हणाली, "होतो की. ती रसायनशास्त्र मोठ्यानं पाठ करते. मला वाचता नाही येऊन राहिलं."

उजवीकडून प्लायवूडवर थाप पडली. "आणि तू झोपेत फॉर्म्युले बोलते ते? परवा चुकीचा बोलली. मी उठून बरोबर सांगितला!"

खाला मला बाजूला घेऊन विचारू लागली की वर अजून दोन खोल्या चढवल्या तर खालची भिंत धरेल का. आता तू शिकून राहिलीस, तूच सांग, म्हणाली. मी ओळंबा सोडून पाहिला. भिंत सरळ होती. पण सरळ असणं वेगळं आणि वजन पेलणं वेगळं. तेवढं मला कळत होतं, त्यापुढचं कळत नव्हतं. मी 'सरांना विचारते' म्हणाले. खालाचा चेहरा पडला. घरातली पहिली शिकलेली मुलगी म्हणून लोक आपल्याकडे किती लवकर उत्तर मागायला लागतात, याचं मला तेव्हा नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ते नवल आणखी वाढणार होतं.

किल्लारी

रविवारी सकाळी औशापर्यंत बस आणि पुढे जीप. जीपमध्ये आम्ही दोघी, सात बायका आणि कालच्या येळवशीची रिकामी भांडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात, कणीस फुटायच्या बेतात आलेली. बायका विचारत होत्या, कुणाकडे चालल्या? कुणाकडे नाही, घर मोजायला, असं मंजिरीने सांगितलं, आणि सगळ्यांनी आपापली भांडी जवळ ओढली. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. पहाटे चाकूरला आमच्या फळीवरची भांडी खाली आली आणि अम्मी आम्हाला ओढत बाहेर घेऊन गेली. आमचं एवढंच. किल्लारीत काय झालं ते आम्ही नंतर ऐकलं. जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. अब्बांनी त्यानंतर मातीत दगड रचणं कायमचं सोडलं.

नवं गाव पाहून पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी वहीच्या चौकटीवर घरं ठेवली आहेत. सरळ रस्ते, सारख्या रांगा, सारखी घरं. आमच्या चाकूरला वाट विचारली की 'मारुतीच्या मागून, चिंचेच्या पुढं' असं सांगतात. इथे माणसं रांगेचा आणि घराचा आकडा सांगत होती. आम्हाला जे पहिलं घर उघडं दिसलं तिथे एक पन्नाशीची बाई अंगणात भांडी घासत होती. कपाळावर विभूती, गळ्यात रेशमी दोऱ्यात लिंग. नाव सुगलाबाई.

मंजिरीने नमस्कार केला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत विचारलं, "मावशी, आपल्या घराला पट्टा आहे का?"

सुगलाबाईंच्या हातातला तांब्या खाली आला.

"हाय की."

"बघता येईल? आम्हाला त्याची नोंद घ्यायची आहे."

"कामून? कुणी पाठवलं तुमाला?"

"कॉलेजने. पट्टा नीट आहे ना, मधे कुठे तुटलेला नाही ना, तेवढं पाहायचं आहे."

सुगलाबाई आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद त्यांच्या हातात होता. तो त्यांनी दिला नाही, लांबूनच दाखवला. "ह्यो पट्टा. मालकाच्या नावचा हाय. सही हाय, शिक्का हाय." आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांचा आवाज चढला. "आकडा जुळत न्हाई म्हनून घर काढून घेताव काय? आमी चोरी न्हाई केली! राजीखुशीनं बदलून घेतलंय!"

आता माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे सरकारने घर किंवा जमीन दिल्याचा जो कागद असतो त्यालाही पट्टाच म्हणतात. मी लहानपणापासून ऐकलेला शब्द, आणि दीड वर्ष फळ्यावरची रेघ पाहून तोही विसरले होते. टेप, वही आणि 'नोंद' हा शब्द घेऊन आलेल्या दोन पोरी त्या बाईला कोण वाटल्या असतील!

मी टेप खाली ठेवला. "मावशी, कागद नको. तो आत ठेवा. आम्ही शिकणाऱ्या पोरी हाव. आम्हाला भिंतीतला पट्टा पाहिजे, सळयांचा. भूकंपासाठी घालतात तो."

"भिंतीतला?"

"हाव."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मंजिरीकडे. मग कागद पदराखाली धरून अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगं माय माय माय! जीव गेला व्हता माझा. तुझ्या त्या गोऱ्या मैत्रिनीला मराठी शिकव जरा!"

मग भाकरी आली, कालची भज्जी आली. येळवशीची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. वाटाणा, तूर, हरभरा, सगळ्या हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसनात शिजवलेली घट्ट भाजी. शिळी जास्त चांगली लागते. मंजिरीने तीन वेळा घेतली आणि आंबील पिताना ओठांवर पांढरी मिशी काढून घेतली. सुगलाबाईंनी माझं नाव विचारलं, मी नसीम म्हणून सांगितलं. "जुन्या गावात एक नसीमा व्हती. बांगड्या भरायची. लई हळू हात." आणि त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

आकडा न जुळण्याची गोष्ट त्यांनी जेवतानाच सांगितली. जुन्या गावात त्यांची आणि त्यांच्या जावेची, काशीबाईंची, भिंत एक होती. नव्या गावात घरं वाटली तेव्हा एकीला एका टोकाला मिळालं, दुसरीला दुसऱ्या. म्हणून काशीबाईंच्या शेजारी ज्यांना घर मिळालं होतं त्यांच्याशी सुगलाबाईंनी चार माणसांसमोर अदलाबदल केली. माणसं हलली, कागद हलले नाहीत.

एवढ्यात काशीबाईच आल्या. साठीच्या, बारीक. त्यांना आता फार अंधुक दिसतं. हात पुढे धरून आल्या आणि म्हणाल्या, "सुगले, तुजंच घर हाय ना गं?"

"न्हाई, कलेक्टरचं हाय. बस."

"दात काढू नको. काल मी पलीकडच्याच्या चुलीपाशी जाऊन बसले. त्या बाईनं च्या दिला, पिले, मग कळलं."

आम्ही सगळ्याच हसलो, काशीबाईही हसल्या. पण सगळी घरं सारखी असलेल्या गावात डोळे गेलेल्या बाईचं काय होत असेल, याचा नकाशा आम्ही कधी काढला नव्हता. दोन घरांच्या मधे फक्त अकरा पावलं मोकळी जागा. पण दोन्ही दारं समोरच्या रस्त्यावर. त्यामुळे काशीबाईंना आपल्या दारातून रस्त्यावर, रस्त्याने वळून पुढे आणि पुन्हा आत, असं यावं लागायचं. तेवढ्यात त्या चुकायच्या. एकदा सायकलखाली आल्या होत्या.

"म्हनून बाजूच्या भिंतीत दार पाडून राहिले मी," सुगलाबाई म्हणाल्या. "काशी आपल्या दारातनं भिंत धरून मधल्या जागेतनंच येईल, रस्त्यावर जायाला नको. गवंडी कालच येनार व्हता. येळवस आली म्हनून ऱ्हायला. उद्या येतो."

त्यांनी आम्हाला ती भिंत दाखवली. गवंड्याने गेरूने दाराची चौकट आखून ठेवली होती. चौकट अगदी कोपऱ्यात होती. काशीबाईंना जवळ पडावं म्हणून. पण दोन भिंती जिथे एकमेकींना धरतात तो कोपराच घराचा सगळ्यात नाजूक सांधा. कोपऱ्यापासून किमान दोन फूट सोडल्याशिवाय दार-खिडकी काढायची नाही, हे आम्ही परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. काल येळवस नसती तर आज तिथे भगदाड असतं.

मी सांगितलं, इथे नको. सुगलाबाईंनी विचारलं, मग कुठं? त्याच भिंतीत मधोमध एक खिडकी होती. तिच्याखालची भिंत काढली तर दार होईल का? मला नक्की सांगता येईना. खिडकीच्या वरून पट्टा जातो हे ठाऊक होतं. खालूनही जातो का? सिमेंटच्या ठोकळ्यांच्या त्या भिंतीवर सगळीकडे चुना, काही दिसत नव्हतं.

"सरांना विचारून कळवते," मी म्हणाले. खालाला म्हणाले होते तसंच.

सुगलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कोपऱ्यात पाडू नको म्हनताव, कुटं पाडू ते ठाव न्हाई. मग शिकून काय करून राहिलाव गं तुमी दोघी?"

उद्या गवंडी येणार होता, आणि काशीबाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

रविवार, कॉलेज बंद. एसटीडीच्या टपरीवरून मी चाकूरच्या किराणा दुकानात फोन लावला. आमचा निरोप तिथे घेतात. दुकानदाराने अब्बांना हाक मारली. मी सगळं सांगितलं.

"पानी मारके देखी?" अब्बांनी विचारलं.

"कशावर?"

"दीवार पे, और क्या! ठोकळा पानी पीता. पट्टा नहीं पीता. बाल्टी लेके मार, और देख."

"आणि खालून पट्टा निघाला तर?"

अब्बा म्हणाले, "बड़े दरवाजे के पास जाके देख. वहाँ नीचे का पट्टा किधर गया? घर बनानेवाले ने वहाँ क्या किया, वो देख. फिर अपने सर को पूछ. मैं तेरा सर नहीं."

आम्ही पळत आलो. सुगलाबाईंनी बादली दिली, आणि 'भिंतीला आंगूळ घालून राहिलेत' असं ओरडून शेजारणींनाही बोलावलं. पाणी मारलं. ठोकळ्यांनी ते गटागट पिऊन टाकलं आणि ते काळे पडले. खिडकीच्या वर मात्र एक आडवी रेघ उमटली, तिच्यावरून पाणी नुसतं ओघळून गेलं. आणि खिडकीच्या खाली दुसरी. फळ्यावरची खडूची रेघ मी पहिल्यांदा खऱ्या घरावर पाहिली. मंजिरी वही विसरून टाळ्या वाजवत होती. काशीबाई विचारत होत्या, "काय दिसलं? मला सांगा की कुनीतरी!" मी त्यांचा हात धरून ओल्या भिंतीवरून फिरवला. ठोकळा खरखरीत, पट्टा गुळगुळीत. "हा का," म्हणाल्या. "ह्यो धरून ठेवतो व्हय?" आणि भिंतीच्या टोकापर्यंत त्यावरून हात फिरवत गेल्या.

मग मोठ्या दाराजवळ पाणी मारलं. खालचा पट्टा दाराशी येऊन थांबत होता, आणि दाराच्या दोन्ही अंगांना तसेच न पिणारे दोन उभे खांब, खालपासून वरच्या पट्ट्यापर्यंत. म्हणजे जिथे खालचा पट्टा तोडावा लागला तिथे त्याची टोकं उभ्या खांबांत बांधली होती. मला उत्तर दिसत होतं. पण दिसणं आणि खात्री असणं यात दोन माणसांच्या डोक्यावरचं छप्पर होतं.

"मावशी," मी म्हणाले, "आठ दिवस द्या. गवंड्याला थांबवा. मी नकाशा काढून पाठवते."

"आन न्हाई पाठवला तर?"

मी पिशवीतून ओळंबा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "हा माझ्या अब्बांचा, चाकूरच्या मिस्त्रींचा आहे. तोवर तुमच्याकडे राहू द्या."

त्यांनी तो तोलून पाहिला. मग आत गेल्या आणि कागदाच्या पेटीत ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी ओल्या फडक्याने कोपऱ्यातली गेरूची चौकट पुसून टाकली.

पुन्हा नांदेड

सरांनी आमचा नकाशा पाहिला, मग पाण्याची हकीकत ऐकली आणि खडू खाली ठेवला. ते स्वतः शेजारी बसले आणि आम्ही दाराचा नकाशा पुरा केला. दार खिडकीएवढंच रुंद. वरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. आधी टेकू द्यायचे, दोन्ही अंगांना सळयांचे खांब भरायचे आणि खालच्या पट्ट्याच्या कापलेल्या सळया त्यात वळवून बांधायच्या. गवंड्याला कळावं म्हणून सगळं मराठीत, मापं फुटा-इंचांत. कोपऱ्यात सरांनी सही केली आणि खाली माझी करायला लावली. खालाचा प्रश्नही मी त्यांना विचारला. वर खोल्या चढवू नका, असं उत्तर आलं. ते तिला आवडलं नाही, पण तिने ऐकलं.

मी नकाशा पोस्टाने पाठवला. महिना गेला, काही नाही. अब्बांना ओळंब्याचं सांगितलं नव्हतं. ते दुसऱ्याचा मागून काम करत होते, असं अम्मीकडून कळलं.

मग एक दिवस चाकूरहून निरोप आला. स्टँडवर किल्लारीकडचा एक कंडक्टर मिस्त्रीचं घर विचारत आला होता. त्याने एक पुडकं दिलं. आत ओळंबा होता, आणि शाळकरी अक्षरात कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र. अब्बांनी ते न उघडता मला पाठवलं. ते माझ्याकडे आहे. त्यातलं जसंच्या तसं लिहिते:

"नसीम बाईस नमस्कार. दार झालं. तुमच्या कागदापरमानं केलं, गवंडी आधी कुरकुरला मग म्हनला बाई हुशार हाय. काशी आता अकरा पावलात येती. दिसातून धा येळा येती, डोकं खाती. नकाशा घराच्या कागदासंगं पेटीत ठिवला. आता कोनी पट्टा इचारायला आलं की मी आदी भिंतीवर बालटीभर पानी मारती."